टोपीच्या बंदाएवढा शृंगार

अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जोपासलेली आमिश प्रणयकादंबरी विद्वानांच्या मेजावर क्वचितच दिसते, आणि त्याला तिचे मुखपृष्ठ बरेचसे जबाबदार असावे. या मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली एक तरुणी असते, तिच्या मागे मक्याचे शेत असते, शेताच्या कडेने घोडागाडी जात असते, आणि तरुणीची नजर वाचकाकडे नसून चौकटीबाहेरच्या एखाद्या सद्गुणाकडे लागलेली असते. ज्या समाजात छायाचित्रासाठी नटूनथटून उभे राहणे हा अहंकार समजला जातो, त्या समाजाची प्रतिनिधी म्हणून ती छायाचित्रासाठीच उभी असते, आणि प्रसाधने वर्ज्य असूनही तिच्या भुवया कुणा जाणकाराने नुकत्याच कोरलेल्या दिसतात. एवढ्यावरून पुस्तक खाली ठेवणारा वाचक वाचतो. पहिले प्रकरण उघडणारा मात्र पहाटेपर्यंत हाती लागत नाही.

आमिश हा ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतील एक पंथ, म्हणजे तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा न मानता जाणत्या वयात स्वेच्छेने घेतलेलाच बाप्तिस्मा खरा धरणाऱ्यांपैकी एक होय. १६९३ साली याकोब अम्मान या धर्मनेत्याने स्वित्झर्लंड आणि अल्सास या भागांत शिस्तीच्या प्रश्नावरून, विशेषतः वाट सोडलेल्या सभासदाशी समाजाने किती फटकून वागावे या प्रश्नावरून, आपली चूल वेगळी मांडली; अठराव्या शतकात त्याचे अनुयायी पेनसिल्व्हेनियात येऊ लागले, आणि आज तेथील लँकेस्टर परगणा, ओहायोतील होम्स परगणा आणि उत्तर इंडियाना येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. प्रत्येक वस्तीतील प्रत्येक मंडळीचा स्वतःचा आचारनियम असतो, त्याला ऑर्डनुंग म्हणतात; तो बहुतांशी लिहिलेला नसतो, पण टोपीच्या चुण्यांपासून घोडागाडीच्या रंगापर्यंत सारे काही त्यात बसते, आणि तो मोडून पश्चात्ताप न करणाऱ्या सभासदाशी पंगत-व्यवहार बंद केला जातो. कादंबरीकाराच्या दृष्टीने ही व्यवस्था म्हणजे वरदान होय, कारण जिथे विजेची तार घरात घेणे हाच अपराध ठरतो तिथे वेगळा खलनायक पोसावा लागत नाही.

या पंथाकडे कादंबरीचे लक्ष तसे जुनेच आहे. हेलन राइमेन्स्नायडर मार्टिन यांची ‘सबीना’ १९०५ मधली आणि जोसेफ योडर यांची ‘रोझॅना ऑफ द आमिश’ १९४० मधली, तर १९७९ साली जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने हे सिद्ध केले की प्रार्थना आणि प्रणय एकाच पुस्तकात गुण्यागोविंदाने नांदू शकतात आणि शिवाय खपतात. परंतु खरी पेठ उघडली ती १९९७ मध्ये बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ने. तिची नायिका केटी लॅप हिचे लग्न विधुर बिशपाशी ठरलेले असताना तिला माळ्यावर तान्ह्या बाळाचा साटीनचा झगा सापडतो, आणि जिथे साधे बटणही संशयास्पद तिथे साटीन आले कुठून, या एका प्रश्नावर पुढचा सारा डोलारा उभा राहतो. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे २०१३ साली व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी या वाङ्मयावर एक अभ्यासग्रंथ लिहिला, त्यातील गणनेनुसार २०१२ या एकाच वर्षात अशा ८५ नव्या कादंबऱ्या बाजारात आल्या, म्हणजे साधारण दर चार दिवसांनी एक. ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालणाऱ्या घोडागाडीचे गुणगान इतक्या घाईने बहुधा दुसऱ्या कुणी केले नसेल. वाचकाचीही तऱ्हा तीच: नायिकेच्या गावात दूरध्वनी घरात नको म्हणून शेताच्या बांधावरच्या खोपट्यात ठेवलेला असतो, आणि तिच्या या संयमाने भारावलेला वाचक रात्री एक वाजता बोटाच्या एका टिचकीने मालिकेतला पुढचा भाग उतरवून घेतो, कारण सकाळपर्यंत थांबणे त्याला जमणार नसते.

या वाङ्मयाची खरी कारागिरी काटकसरीत आहे. नेहमीच्या प्रणयकथेत जी कामे ओठ, बाहू आणि समुद्रकिनारा मिळून करतात, ती येथे टोपीच्या एका बंदावर सोपवलेली असतात. ही टोपी म्हणजे ‘काप’, प्रार्थनेच्या वेळी स्त्रीचे मस्तक झाकलेले असावे या बायबलमधील आज्ञेपोटी आलेली. लँकेस्टरमध्ये तिचा मागचा भाग बदामाच्या आकाराचा असतो, मध्य-पश्चिमेकडे चुणीदार, आणि मुरलेला वाचक टोपीवरून परगणा सांगतो, जरी मुखपृष्ठकार हा भेद पाळतोच असे नाही. रविवारच्या संध्याकाळी तरुण मुलेमुली एका लांब मेजाच्या दोन बाजूंना बसून स्तोत्रे म्हणतात आणि ते आटोपल्यावर मुलगा मुलीला आपल्या गाडीतून घरी सोडतो, ही त्या समाजातील खरीखुरी रीत. कादंबरी या वाटेवर प्रकरणेच्या प्रकरणे मुक्काम करते. वारा सुटतो, बंद उडतो, त्याचे टोक नायकाच्या बाहीला लागते, नायक लगाम उगीचच सारखा करतो, नायिका शेजारच्या शेतातील गवताच्या कापणीविषयी प्रश्न विचारते, आणि तीनशे पानांच्या उपासाने कासावीस झालेल्या वाचकाला त्या बाहीचा हेवा वाटू लागतो. या प्रसंगी घोड्याची कामगिरीही नोंदवली पाहिजे. घरचा रस्ता त्याला पाठ असल्यामुळे नायकाला समोर पाहण्याची सक्ती उरत नाही. मोटार चालवणाऱ्या प्रियकराला ही चैन परवडत नाही, आणि यंत्रयुगावर या कादंबऱ्यांनी घेतलेल्या अनेक आक्षेपांपैकी एवढा एक तरी विनातक्रार मान्य करण्याजोगा आहे.

वेशभूषेतही संयमाची सोय केलेली आढळते, कारण आमिश स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखाला पुढच्या बाजूने बटणांऐवजी टाचण्या लावलेल्या असतात, आणि अशा पोशाखाला उतावीळपणे कवटाळणाऱ्यास ऑर्डनुंगची आठवण करून द्यायला बिशपाची गरज पडत नाही. याउलट काही अतिसनातनी आमिश गटांत ‘बंडलिंग’ नावाची एक जुनी चाल टिकून राहिली, जिच्यात विवाहेच्छू जोडप्याने अंगभर कपड्यांनिशी एकाच बिछान्यावर गप्पा मारत रात्र काढायची असते. म्हणजे प्रत्यक्ष जीवन कादंबरीपेक्षा दोन पावले पुढे असण्याचा हा एक दुर्मीळ दाखला. पण धार्मिक प्रकाशनसंस्थांच्या कादंबऱ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. वास्तवाला इतक्या कसोशीने सोवळे नेसवणारा वास्तववाद अन्यत्र शोधूनही सापडणार नाही.

आता मृत्यूविषयी. आमिश समाजाला घटस्फोट मान्य नाही, त्यामुळे कथानकाला मोकळीक मिळवून देण्याची जबाबदारी मृत्यूला पार पाडावी लागते, आणि तो ती निष्ठेने पाडतो. परिणामी या कादंबऱ्यांतील होम्स परगण्यात तरण्याबांड विधुरांची संख्या इतकी भरते की एखाद्या साथरोगतज्ज्ञाने तातडीने तिकडे धाव घ्यावी. प्रत्येक विधुराला तीन मुले, त्यांतले धाकटे आईच्या मृत्यूपासून अबोल, घरात करपलेली भाकरी आणि न शिवलेली बाही. नायिका मुले सांभाळायला म्हणून येते, धाकटे पहिला शब्द बोलते तो नेमका तिच्या नावाचा, आणि पुढचे काय ते चाणाक्ष वाचकाला कळून चुकते. लग्न झाल्यावरच दाढी वाढवायची आणि मिशी कधीच ठेवायची नाही, असा पुरुषांचा रिवाज असल्यामुळे नायिकेला पहिल्या भेटीतच हनुवटीवरून समोरच्याचा पूर्वेतिहास वाचता येतो. स्थळाची माहिती काढायला मध्यस्थ आणि कांदेपोहे यांवर विसंबणाऱ्या मराठी वाचकाला ही सोय हेवा वाटण्याजोगी वाटेल.

नायकाचा व्यवसाय मात्र संशोधनास पात्र आहे. आज आमिश कुटुंबांपैकी पुष्कळांचे पोट शेतीवर चालत नाही, आणि उत्तर इंडियानातील कितीतरी आमिश पुरुष कारखान्यात नोकरी करतात. ते कारखाने कशाचे, तर पलंग, शेगडी आणि न्हाणीघरासह महामार्गावर धावणाऱ्या सहलगाड्यांचे. स्वतः मोटार न बाळगणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या चालत्या-फिरत्या बंगल्यांना दारे बसवून संध्याकाळी सायकलने किंवा दुसऱ्याच्या मोटारीतून घरी परततो, यात कादंबरीला पुरेल इतके नाट्य आहे. परंतु प्रणयकादंबरीचा नायक बहुधा सुतार असतो, नसल्यास घोड्यांना नाल ठोकणारा, आणि त्याच्या अंगाला नेहमी ताज्या भुशाचा वास येतो. यंत्राच्या पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या नायकाच्या बाहीला टोपीचा बंद लागून भागत नाही, हे लेखिकांनी बरोबर हेरले आहे.

लेखिकांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, ती म्हणजे त्यांतल्या बहुतेक जणी स्वतः आमिश नाहीत; लिंडा बायलर यांच्यासारखा अपवाद सोडला तर त्या इव्हँजेलिकल, म्हणजे येशूशी व्यक्तिगत नाते जोडून तारणाची खात्री बाळगणाऱ्या, प्रोटेस्टंट परंपरेतल्या असतात. आमिशांना मात्र आपले तारण झालेच आहे असे छातीठोक सांगणे उद्धटपणाचे वाटते. ते आशा बाळगतात आणि ‘गेलासनहाइट’ ही वृत्ती, म्हणजे देवापुढे आणि समाजापुढे स्वतःला विनम्रपणे सोडून देणे, सर्वांत मोठी मानतात. त्यामुळे या कादंबऱ्यांत मोठी मौज होते. नायिका वेशाने, स्वयंपाकाने आणि घोड्याच्या जातीने अस्सल आमिश असते, पण अठराव्या प्रकरणात ती धान्याच्या कोठारात एकटीच गुडघे टेकते आणि उठते ती थेट इव्हँजेलिकल होऊन, तीही टोपी न हलवता. स्वतःच्या मनाचे ऐकावे की मंडळीचे, या पेचात ती सापडते तेव्हा स्वतःला बाजूला सारायला शिकवणाऱ्या पंथाच्या अंगणात स्वतःला शोधण्याचा अमेरिकन कार्यक्रम यथासांग पार पडतो. काही आमिश स्त्रियाही या कादंबऱ्या आवडीने वाचतात असे अभ्यासकांना आढळले आहे. कदाचित आपल्याविषयी बाहेर काय काय समजले जाते हे जाणून घेण्याची उत्सुकता त्यांना असेल, किंवा करपलेली भाकरी आणि अबोल मूल यांपुढे पंथभेद टिकत नसेल.

शेवट लग्नाने होतो, आणि लग्नाची चाहूल सेलरीने लागते. सेलरी, म्हणजे चायनीज पदार्थांमुळे मराठी मंडईत रुळलेली लांब दांड्यांची भाजी, लँकेस्टरमधील आमिश लग्नाच्या जेवणात शिजवलेली लागते आणि मेजावर फुलांऐवजी बरण्यांतही उभी केलेली असते. पाहुणे तीनशेच्या घरात, लग्ने परंपरेने सुगी आटोपल्यावर मंगळवारी किंवा गुरुवारी, आणि वाङ्निश्चय मात्र मंडळीत जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवण्याची प्रथा. पण तीनशे पानांना पुरणारी सेलरी उन्हाळ्यात परसात लावल्याशिवाय भागत नाही, आणि पाने म्हणजे अर्थात जेवणाची. त्यामुळे उपवर मुलीच्या बापाने वाफे वाढवले की गुपित कुंपणावरूनच फुटते. तरबेज वाचक म्हणून नायकाच्या कबुलीजबाबाकडे लक्ष देत नाही, तो वाफे मोजतो.

प्रकाशकांनाही वाफे वाढवण्याचा मोह आवरला नाही. जेन ऑस्टिनच्या कथानकांना आमिश टोप्या घालून झाल्या, खूनप्रकरणे तपासून झाली, आणि २०१३ साली केरी नीत्झ यांची ‘आमिश व्हॅम्पायर्स इन स्पेस’ ही कादंबरीही निघाली, जिच्यात नावात कबूल केलेले सर्व काही आहे. या गर्दीत मूळ प्रकाराला धक्का लागलेला नाही. पुस्तकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनिया डच या त्यांच्या जर्मन बोलीतल्या शब्दांची यादी आणि बहुधा एखादी पाककृती असते, आणि ‘आख’ व ‘वुंडरबार’ एवढ्या भांडवलावर वाचक स्वतःला त्या मंडळीतलाच समजू लागतो. आमिशांच्या लेखी मात्र पंथाबाहेरचा हरेक मनुष्य ‘इंग्लिश’ असतो, मग तो न्यू जर्सीहून घोडागाड्या पाहायला आलेला, डब्यात थालीपीठ बांधून आणलेला सहकुटुंब मराठी अभियंता का असेना.

त्यानंतर येते पुढच्या भागाची जाहिरात. मालिकेचा नियम असा की एका भागात एक बहीण उजवायची, आणि लेखिकेने नायिकेला चार बहिणी दिलेल्या असतात. पहिल्या भागात अंड्यांची टोपली घेऊन दोनदा अंगणातून गेलेली दहा वर्षांची धाकटी वाचकाने तेव्हाच हेरलेली असते, आणि शेजारच्या लोहाराच्या मुलाने त्यांतले एक अंडे फोडले होते, हेही त्याने नीट ध्यानात ठेवलेले असते.