करडा की तांबडा?

स्किप्टन, यॉर्कशर
१९ एप्रिल

तीर्थरूप आबा आणि सौ. आई यांस,


पत्र बघून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. फोन होतोच, पण ट्रॅक्टरचा विषय निघाला की तुम्ही आणि तुमचे चिरंजीव एकाच वेळी बोलता, ऐकत कुणीच नाही, आणि तेवढ्यात आईंनी जेवायला हाक मारली की विषय तिथंच राहतो. म्हणून सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून कळवते. यातलं काही 'हे' तुम्हाला वेगळं सांगतील. माझं खरं धरा.

घरामागचं रान तुम्ही व्हिडिओवर पाहिलंय. तीन एकर, नुसतं गवत, अर्ध्याला चांगलाच उतार. शेजाऱ्याच्या मेंढ्या चरतात, तरी जूनमध्ये गवत गुडघ्याच्या वर येतं. ते कापायचं, सरपणाचे ओंडके ओढायचे, कधी ट्रॉलीभर शेणखत पांगवायचं, एवढंच काम. शेजारी पैसे घेऊन हे सगळं करून देईल, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर तुमच्या चिरंजिवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तुमच्या वाटणीतला मळाच विकायला काढला होता.

मग ठरलं की जुना ट्रॅक्टर घ्यायचा. हलकं कामही होईल आणि संग्रहही होईल.

आबा, या देशात जुन्या ट्रॅक्टरांचं केवढं वेड आहे याची तुम्हाला कल्पना यायची नाही. उन्हाळ्यात गावोगावी मेळावे भरतात. साठ-सत्तर वर्षांचे ट्रॅक्टर धुऊन-पुसून ओळीनं उभे करतात आणि प्रत्येकाशेजारी घडीच्या खुर्चीवर तेवढ्याच वयाचा मालक थर्मासमधला चहा पीत बसतो. ट्रॅक्टर नुसता उभा, माणूस नुसता बसलेला. आपल्याकडे असं कुणी बसलं तर बंद पडला समजून चार जण धक्का मारायला येतील.

तर आमच्यासमोर दोन स्थळं आली. किंमत दोन्हींची सारखीच, तुमच्या हिशेबात पावणेतीन लाखांच्या घरात.

पहिला करडा फर्ग्युसन, टीई-२०. इंग्लंडमध्ये 'लहानगा करडा फर्गी' म्हटलं की शाळकरी पोरंसुद्धा ओळखतात. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडचा माणूस. नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढायचा नाही, तीन ठिकाणी जोडायचा आणि हायड्रॉलिकनं उचलायचा, ही त्याची करामत. तुमच्या ट्रॅक्टरला मागं दोन खालचे दांडे आणि वर टॉप लिंक असते ना, ते सगळं या माणसाच्या डोक्यातून आलेलं. नांगर जड जमिनीत अडला की वरच्या दांड्यावर दाब येतो, हायड्रॉलिक आपोआप नांगर जरा वर घेतं आणि भार मागच्या चाकांवर पडतो. त्यामुळे टनभर वजनाचं हे एवढंसं यंत्र आपल्यापेक्षा जड ट्रॅक्टरांच्या तोडीचं काम करायचं. १९४६ ते १९५६ या काळात कव्हेंट्रीत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला तोही असल्याच फर्ग्युसनांवरून. हे सांगताना ह्यांचा आवाज जरा खाली येतो, कारण ह्यांच्या मनात दुसराच होता.

फर्गीचे मालक एक ऐंशीचे आजोबा. त्यांनी ह्यांच्याकडे दुर्लक्ष करून मलाच सीटवर बसवलं. म्हणाले, चालू कर. किल्लीनं नाही, बटणानं नाही. गिअरचाच दांडा एका कोपऱ्यातल्या 'एस' खुणेकडे ढकलायचा, की स्टार्टर फिरतो. गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकून चालू व्हायलाच नको म्हणून ही युक्ती. मला फार आवडली. मग आजोबांनी एक पाना दाखवला. एका पान्यात जवळजवळ सगळे नट बसतात आणि त्याच्यावर इंचांच्या खुणाही कोरलेल्या, म्हणजे मोजपट्टीही तीच. आपल्या घरात पाना कुठं ठेवलाय यावरून झालेली भांडणं आठवून मी तो पाना दोनदा हातात घेऊन पाहिला.

आणि आबा, हा चालतो कशावर? पेट्रोलवर चालू करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलसारख्या तेलावर घ्यायचा. ते खास तेल आता पंपावर मिळत नाही, म्हणून लोक घर तापवायच्या रॉकेलात पेट्रोल मिसळतात. हे ऐकून आमच्या ओंकारला मी रेशनच्या रांगेची गोष्ट सांगितली. त्याचा विश्वास बसला नाही.

फर्गीत खोट एकच, पण मोठी. क्लच एकच आहे. पाय दाबला की चाकंही थांबतात, मागची यंत्रं फिरवणारा पीटीओही थांबतो आणि हायड्रॉलिकही. उलट गवत कापायच्या यंत्राची पाती जोरात फिरत असली तर क्लच दाबूनही तीच ट्रॅक्टरला पुढं रेटतात. त्यासाठी मधे एक वेगळा जोड बसवावा लागतो. गिअर पुढचे चारच, आणि पहिलासुद्धा दाट गवतात अंमळ घाईचा.

दुसरा ट्रॅक्टर तुम्हाला ओळखीचा आहे. तांबडा इंटरनॅशनल बी-२७५.

फोनवर तुम्ही म्हणालात, 'तो तर आपला महिंद्र.' आबा, आपला ट्रॅक्टर कांदिवलीचा खराच. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि हेच मॉडेल तिथं तयार करायला घेतलं. पण मूळचा तो ब्रॅडफर्डचा, आमच्यापासून मोटारीनं तासाभराच्या आत. शहराच्या आयडल नावाच्या भागात जावेट मोटारींचा कारखाना होता. तो इंटरनॅशनलनं १९५४ मध्ये घेतला आणि पुढं तिथं हे ट्रॅक्टर बनले. कारखाना बघायचाच म्हणून हे आम्हाला घेऊन गेले. तिथं आता सुपरमार्केट आहे. हे मोटारींच्या तळावर उभे राहून आयडलच्या मातीकडं बघत होते, मी तेवढ्यात कांदे आणि कोथिंबीर घेऊन आले.

तांबडा बघायला गेलो तेव्हा मालकानं इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं. बॉनेटवर हात ठेवून मी तेवढं पाहिलं. थंड इंजिन कसं उठतं तेच तर बघायचं असतं ना? म्हणून आम्ही चहा घेतला, त्याच्या कुत्र्याचं कौतुक केलं, मेंढ्यांच्या भावावर बोललो आणि इंजिन गार होईपर्यंत हललो नाही. तेलाची कांडी काढून पाहिली; तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत जात नाही. ब्लॉकला तडा आहे का तेही पाहिलं. इथल्या थंडीत रेडिएटरमध्ये साधं पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होऊन लोखंड फाटतं. हे सगळं मी बघत होते. तुमचे चिरंजीव तोवर वर चढून बसले होते. हीटर लावला, थोडं थांबले, स्टार्टर दिला. भक्कन काळा धूर, मग तो ठोका. न बघता ह्यांचा हात थ्रॉटलवर गेला. त्या क्षणी मला कळलं, की घरी जो गुणांचा तक्ता संगणकावर बनवून ठेवलाय तो निव्वळ देखावा आहे. त्यात 'दीर्घकालीन उपयुक्तता' म्हणून एक रकाना आहे. तांबड्याला दहापैकी दहा, करड्याला चार. विचारलं कसली उपयुक्तता, तर म्हणाले, 'ते सांगून कळायचं नाही.'

खरं सांगायचं तर कामालाही तांबडा बरा आहे. डिझेलचा, गिअर पुढचे आठ, मागचे दोन, गवतात हवा तेवढा सावकाश चालतो. पण दीड टनाच्या घरात वजन. इथं ऑक्टोबरपासून जमीन पिळायला आलेल्या फडक्यासारखी असते, जड ट्रॅक्टर गेला की चाकोऱ्या पडतात. पावसाळ्यात करडा सरस. संग्रह म्हणाल तर मूळ रंगातला, मूळ पत्र्याचा करडा लोकांना आवडेल, पण तो गल्लोगल्ली आहे. तांबडे त्या मानानं कमी.

मग 'दोन्ही घेऊ' असा प्रस्ताव आला. शेडमध्ये एकच मावतो, असं मी टेपनं मोजून दाखवलं.

निकाल शेवटी एका लोखंडी चौकटीनं लागला. त्या काळचे ट्रॅक्टर उलटले तर चालक खाली सापडायचा. १९७० पासून इथं नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची झाली. तांबड्याच्या कुणा जुन्या मालकानं आपल्या ट्रॅक्टरलाही ती नंतर बसवून घेतली होती. जाडजूड, बेढब, ट्रॅक्टरचं सगळं रूप घालवणारी. करडा मात्र अगदी कारखान्यातून आला तसा उघडा. संग्राहक मंडळी म्हणतात, चौकट काढा, मूळ रूप येईल. मी म्हटलं, आपलं अर्धं रान उताराचं आहे. चौकट राहील, मेळाव्यात बक्षीस नको. इसार मीच दिला. ह्यांना वाटतंय, मी तुमच्या आठवणीखातर तांबडा निवडला. तसंच वाटू द्या.

मडगार्डवर बसून शेताला जायचं ओंकारचं स्वप्न मात्र मोडलं. तेरा वर्षांखालच्या पोराला शेतकामाच्या ट्रॅक्टरवर बसवायला इथं कायद्यानं बंदी आहे. आईंनाही सांगा, त्यांच्यासाठी मी मडगार्ड राखून ठेवलेलं नाही, कितीही लाड केले तरी.

आता कामाचं. मे महिन्यात याल तेव्हा लोणचं आणि मेतकूट आईंच्या बॅगेत ठेवा. तुमच्या बॅगेत हीटर प्लगचा एक सेट आणि इंजिनाचं गॅस्केट आणा. इथल्या सुट्या भागांच्या दुकानात मी चौकशी केली. दुकानदारानं जे खोकं पुढं केलं त्यावर 'मेड इन इंडिया' लिहिलं होतं आणि किंमत पौंडांत. तिथल्या दुकानात नुसतं 'दोनशे पंच्याहत्तरचं द्या' म्हणू नका, नाहीतर २७५ डीआय या वेगळ्या मॉडेलचं सामान बांधून देईल. डीआयला हे हीटर प्लग चालायचे नाहीत. गोठ्यामागं आपल्या जुन्या ट्रॅक्टरचं जे इंजिन पडलंय, त्यातला एक प्लग काढून सोबत न्या आणि त्याच्याशी ताडून घ्या. विमानतळावर विचारलं तर पावती दाखवा, गोष्ट सांगत बसू नका.

कळावे, लोभ असावा.

तुमची सून,
वैशाली

ता. क. : उत्तर माझ्या नावानं पाठवा. ह्यांच्या नावानं आलं तर नांगर घ्यायचंही ठरून जाईल.