पोचवाले काका

इतर कार्यकर्त्यांच्या झोळीत घोषणांचे फलक असतात, काकांच्या झोळीत अर्ज. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक खात्याला, एक वरच्या साहेबांना आणि तिसरी शिक्का मारून परत घ्यायची, पोच म्हणून. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 फायली बघायला मिळायच्या, तेव्हा सोमवारी काका कुणाचे नसायचे. आवक-जावकच्या बाईंच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले, हे त्यांना तोंडपाठ. "साहेब बदलतात हो, बाई तिथंच असतात."

लग्नात आम्ही त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसतो. मठ्ठा संपला की ते कार्यालयाच्या मालकाला गाठणार. "दिवसाला 100 किलोच्या वर कचरा होत असेल ना? मग नियमाप्रमाणे ओला कचरा तुम्हीच जिरवायचा. घाबरू नका, खतवाला माणूस मी देतो."

जनसुनावणीसाठी कंपनीनं दिलेला अख्खा अहवाल वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कंपनीच्या सल्लागारानंही तो वाचला नसावा, असा मला दाट संशय आहे. सकाळी कंपनीच्या फाटकावर मोर्चात काका पुढच्या रांगेत, आणि दुपारी त्याच कंपनीच्या मॅनेजरसमोर चहा पीत. "काका मॅनेज झाले," असं पोरं कुजबुजतात. काकांचं ठरलेलं उत्तर: "मोर्चाशिवाय साहेब भेटत नाही, आणि भेटल्याशिवाय काम होत नाही."

मध्यंतरी एका कारखान्याला नव्या फाटकासाठी शिरीष तोडायचा होता. काकांनी मॅनेजरला आधी कायदा नाही, हिशेब दाखवला. वृक्ष कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. शिरीष 45 वर्षांचा. "म्हणजे 45 झाडं, खड्डे, पाणी, माळी. त्यापेक्षा फाटक सहा फूट सरकवा की! आणि 5 वर्षं कळ काढलीत तर झाड हेरिटेज होईल. तुमच्या कंपनीच्या दारात हेरिटेज!"

फाटक सरकलं. पर्यावरणदिनी मॅनेजरसाहेबांनी झाडाखाली भाषण ठोकलं; निसर्गप्रेम म्हणे कंपनीच्या रक्तातच आहे. नगरसेवकानं पाठपुराव्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. काकांचं नाव कुणीच घेतलं नाही. मी चडफडत होतो आणि हा गृहस्थ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

टाळ्या थांबल्या, तसे ते हारासकट उभ्या मॅनेजरकडे गेले, अभिनंदन केलं आणि झोळीतून कागद काढला. विषय: कारखान्याचे सांडपाणी. तीन प्रती.

"एवढी पोच द्या साहेब, फोटो काय नंतर होतील."