फरक जाणवला?

फोनोकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे, पण सोसायटीत त्यांना आता दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. असे फोनोकर कोथरुडात असतात, डोंबिवलीत असतात, न्यू जर्सीतही असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगा मार्गी लागलेला, प्रॉव्हिडंट फंड नुकताच हातात आलेला. अशा वेळी चारचौघं चारधामला निघतात. आमचे पुण्याचे फोनोकर तपकीर गल्लीत जातात.

घरी रेकॉर्ड प्लेअर आहे, हे सांगायला नकोच. पण त्यांचा जीव प्लेअरवर नाही, रेकॉर्डवर तर नाहीच नाही. तो अडकलाय प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधोमध बसणाऱ्या एका काळ्या डबीत. तिचं नाव फोनो प्रीॲम्प. ‘ही लागते कशाला?’ असं तुम्ही भाबडेपणाने विचारलंत की रात्रीचं जेवण तिथेच.

“सुईकडून व्होल्टेज किती येतं, आहे कल्पना? पाच मिलिव्होल्ट! पेन्सिल सेलचे तीनशे भाग करा, त्यातला एक. सुई मूव्हिंग कॉइलवाली असेल तर त्याचाही दहावा हिस्सा!” मग चष्मा पुसून पुढचा अध्याय. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर चर एवढी रुंद वळणं घेईल की एका बाजूवर गाणं मावायचंच नाही. वरचे स्वर मुद्दाम चढवतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही खाली बसते. किती दाबायचं नि किती चढवायचं, याचं कोष्टक अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1954 साली ठरवून दिलं. प्रीॲम्पने ते उलटं फिरवायचं: 20 हर्ट्झला जवळजवळ दहापट वाढ, 20 हजार हर्ट्झला तेवढीच घट. यातलं अक्षरही खोटं नाही. फोनोकरांचं फिजिक्स पक्कं आहे. गोची पुढे आहे.

पुढे म्हणजे, एवढं काम चोख करणारी एक डबी पुरे असताना त्यांच्याकडे चार आहेत. एक ऑस्ट्रियाची, एक इंग्लंडची. तिसरी व्हॉल्व्हवाली, ती अंधारात नारिंगी उजळते, म्हणून पाहुणे आले की आधी दिवे घालवले जातात. चौथी त्यांनी स्वतः ‘अपग्रेड’ केलेली. त्या डबीत मुळात 5532 नावाची आठ पायांची चिप होती. किंमत चहा-खारीएवढी. फोनोकरांना ती किंमतच सलायची. ‘एवढी स्वस्त वस्तू किशोरीताई आमोणकरांचा भूप काय वाजवणार!’ वास्तविक सत्तरच्या दशकाअखेर आलेली ही चिप आणि तिची भावंडं मोठमोठ्या स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये डझनांनी बसलेली असत. त्यानंतरचं कितीतरी जगद्विख्यात संगीत रेकॉर्डवर चढण्याआधीच त्यांच्यातून गाळून आलेलं आहे. पण हे फोनोकरांना सांगायचं कुणी? त्यांनी ती उपटली आणि काही हजारांची दुसरी बसवली. नव्यांपैकी पहिली तर उलटी बसली. धूर झाला. ‘देवाजवळ उदबत्ती लावलीय का हो?’ असं आतून काकूंनी विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणाले.

यानंतर शंभर तासांचा उपास. नवा पार्ट म्हणे कच्चा असतो, वाजून वाजून मुरावा लागतो. आठवडाभर घरात रात्रंदिवस एकच रेकॉर्ड, तीही भूपाची नव्हे. मग घुंईं असा आवाज यायला लागला. तो विजेच्या अर्थिंगमुळे, असं निदान झालं आणि प्लेअरसाठी कंपाउंडमध्ये वेगळा खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरण्याचा अर्ज सोसायटीच्या सभेत आला. सेक्रेटरींनी तो ‘झाडं लावणे’ या विषयाखाली मंजूर केला. आवाज अर्थातच गेला नाही. पुढे कधीतरी मोलकरणीने प्लेअरमागे झाडताना लोंबणारी हिरवी वायर उचलून ‘ही कुठं लावायची, काका?’ म्हणून विचारलं, तेव्हा गेला.

खरा सोहळा मात्र तुलनेचा. तो थेट कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा चालतो. तुम्हाला नेमक्या खुर्चीत, नेमक्या कोनात बसवलं जातं. मान हलवायची नाही. फोनोकर डबी पालथी करतात, टॉर्च तोंडात धरतात आणि उदबत्तीच्या काडीने तळाची तांदळाएवढी पांढरी बटणं इकडची तिकडे करतात. सुईला भार शंभर ओहमचा की सत्तेचाळीस हजारांचा, हे तिथे ठरतं. मग सुई टेकते. तंबोरे जुळतात, भूपाचा पहिला आलाप येतो, तुमचे डोळे मिटू लागतात, आणि सुई उचलली जाते! दुसरी डबी. पुन्हा तेच तंबोरे. “फरक जाणवला?”

आपण मोघम मान डोलावतो. तेवढं त्यांना पुरतं. “पार्श्वभूमी कशी काळीकुट्ट झाली! तबलजी दोन फूट मागे सरकला बघा.”

“आणखी थोडा सरकवा,” काकू पोह्यांच्या बश्या ठेवत म्हणतात, “शिलाई मशीनला जागा होईल.”

परवा नातवाने पंचाईत केली. कुठली डबी जोडलीय ते आजोबांना दिसू नये म्हणून मध्ये चादर धरली. आजोबांनी दर वेळी एकाच डबीला कौल दिला. छाती फुगली. तेवढ्यात कार्ट्याने मोबाईलवर आवाज मोजला. जिंकणारी डबी एक डेसिबलने मोठ्याने वाजत होती. बस, एवढंच. माणसाच्या कानाला किंचित मोठा आवाज हा ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. तुलना करायची तर आधी दोन्ही आवाज तंतोतंत सारखे करावे लागतात, हे या धंद्यातलं पहिलं पथ्य. ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून त्याने ते पाळलं आणि पुन्हा चादर धरली. आता आजोबांचा कौल तीनदा इकडे, तीनदा तिकडे. “मोबाईलला कान असतात का रे?” एवढं म्हणून फोनोकर गच्चीवर गेले आणि खाली येईपर्यंत पाचवी डबी ऑर्डर झाली होती.

ती भूपाची रेकॉर्ड मी एकदा उजेडात धरून पाहिली. कडेपासून बोटभर पट्टा वाजून वाजून राखाडी पडलेला. त्याच्या आत सगळं काळंभोर, कोरं करकरीत. ‘सहेला रे’ ही बंदिश याच बाजूच्या शेवटाकडे आहे. तिथपर्यंत या घरातली सुई पोचलेलीच नाही. पलीकडच्या बाजूला बागेश्री आहे, ती तर दुकानातून आली तशीच. काकूंनी मात्र दोन्ही राग स्वयंपाकघरात, फोनवर, कणीक मळता मळता पूर्ण ऐकलेत आणि ‘सहेला रे’ त्या बऱ्यापैकी गुणगुणतात.

आणि सुई? ती मूळचीच आहे. साधारण पाचशे ते हजार तासांत बदलावी, असं बनवणारेच सांगतात. झिजलेली सुई आवाज तर फाडतेच, चरही खरवडते. चार डब्यांवर खर्च झाला त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत नवी येते, आणि तिचा फरक चादर न धरताही कळतो. पण ती बदलायला लागतात पाच मिनिटं. तीत धूर नाही, खड्डा नाही, पाहुण्यांना बसवून विचारण्याजोगं काही नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी फोनोकर असतील, तर त्यांच्या एकसष्टीला शाल-श्रीफळ नेऊ नका. प्लेअरचं मॉडेल काकूंकडून गुपचूप विचारून घ्या आणि सुई न्या.