नग १, चालू स्थितीत

घरातली जी वस्तू टाकवत नाही आणि ठेववतही नाही, तिच्यासाठी मध्यमवर्गीय मराठी माणसाने एक हक्काची जागा शोधून काढली आहे: भाड्याने द्यायचा फ्लॅट. आमचा कर्वेनगरचा वन बीएचके द्यायचं ठरलं आणि राहत्या घरातल्या सामानाला पाय फुटले. सासूबाईंचं लोखंडी कपाट (दार उघडलं की खालच्या मजल्याला कळतं), बसलं की एका अंगाला कलणारा दिवाण, मिक्सरवर फुकट मिळालेला आणि खोक्याबाहेर कधीच न आलेला सँडविच टोस्टर. एकेक वस्तू टेम्पोत चढत होती आणि हे दर वेळी म्हणत होते, "भाडेकरूला काय, चालेल की!"

हा भाडेकरू कोण, ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. पण तो कसा असणार हे मात्र पक्कं होतं. तो रात्री दहाला झोपणार, त्याच्याकडे पाहुणे येणार नाहीत, एक तारखेला न विसरता भाडं टाकणार, फोडणी बेताची देणार आणि भिंतीला खिळा मारणार नाही. अशा माणसाला घर तरी कशाला लागतं, असं मला वाटून गेलं.

मग एजंट आला. दारातूनच त्याने सगळ्यावर नजर फिरवली. "काकू, हे आधी हलवा. पार्टी बघूनच परत जाईल." त्याच्या मते भिंती पांढऱ्याच हव्यात, फोटोत खोली मोठी दिसते. गीझर हवाच, चिमणी असली तर भाडं वाढवून मागता येतं, आणि ओट्याखाली ट्रॉल्या नसतील तर आजकाल कोणी चप्पलही काढत नाही. आमच्या राहत्या घरात ओट्याखाली अजून फुलाफुलांचा पडदा आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. दिवाण भंगारवाल्याकडे गेला, टोस्टर माघारी आला. कपाट मात्र लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने वर चढवणाऱ्या माणसांनी ते पुन्हा उतरवायला साफ नकार दिला.

तेवढ्यात ह्यांच्या थोरल्या काकांचा फोन. "भाडेकरू ठेवताय? मग घर गेलंच म्हणून समजा." काकांना हसण्यात अर्थ नाही. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या वाड्यात बिऱ्हाडं होती, आणि पानशेतच्या पुराआधी जे भाडं मिळत होतं तेच वाडा पाडेपर्यंत मिळत राहिलं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं सप्टेंबर १९४०च्या दराला बांधून टाकलं होतं. त्या काळी त्यामागे कारण होतं, लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं. पण पुढे त्या पैशांत कौलंही बदलता येईनात. पुण्यातले वाडे खचले त्याचा सगळा दोष पावसाला देता येणार नाही. आता १९९९चा कायदा आहे. करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरून चालतात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मी काकांना सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण दोन किल्ल्या आपल्याकडे ठेव."

रंग झाला, ट्रॉल्या झाल्या. प्लंबर सकाळी सातला येतो म्हणाला, म्हणून आम्ही आदल्या रात्री सतरंजी घेऊन तिथेच मुक्कामाला गेलो. घर फोटोतल्यासारखंच दिसत होतं, आणि आम्हालाही फोटोतल्यासारखंच राहावं लागलं. मोबाइल लावायचा पॉइंट पलंगाच्या जागेपासून इतका दूर की फोन स्वयंपाकघरात झोपला. अंघोळीला गेले तर टॉवेल अडकवायला खुंटी नाही, साबण ठेवायला कोनाडा नाही. टॉवेल गळ्यात आणि साबण हातात. नव्या गीझरचा नळ असा बसवलेला, की बादली त्याच्याखाली जाईचना, तांब्याच तेवढा जात होता. अंघोळ उरकून ओला टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले, तर तिथे दोरी नाही. चिमणीला पैसे मोजणाऱ्या घरात दोरी नाही! रंगारी, सुतार, एजंट, हे, सगळे महिनाभर त्या घरात वावरले. पण तिथे कोणी अंघोळ केली नव्हती.

भाडेकरू मिळाले ते अकोल्याचं तरुण जोडपं. दोघंही हिंजवडीला नोकरीला. सामानात कूलर होता. पुण्यात कूलर कशाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण पुण्याचा उन्हाळा हल्ली पूर्वीचा राहिलेला नाही. एक मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या नोंदणी झाली. मुदत अर्थातच अकरा महिने. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नसे, म्हणून हे अकरा महिने रूढ झाले; आता आपल्याकडे अकराचाही नोंदवावाच लागतो. कारण गेलं, अकरा राहिले. करारासोबत सामानाची यादी असते: पंखे ३, ट्यूबलाइट ४, गीझर १. शेवटी, 'लोखंडी कपाट, नग १, चालू स्थितीत'. कपाट चालू असतं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. सासूबाईंना मात्र ती ओळ वाचून फार बरं वाटलं.

'भिंतीस खिळे मारू नयेत' ही अट ह्यांनी आवर्जून घातली होती. सह्या झाल्यावर त्या मुलीने हळूच विचारलं, "काकू, लग्नाचा एक फोटो लावला तर चालेल ना?" हे छताकडे बघू लागले. मी म्हटलं, लाव.

त्या अटीला काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घर सोडताना रंगाचे पैसे बहुतेक मालक अनामतीतून कापतातच; मग तीन भोकांसाठी कोणाला वर्षभर कोऱ्या भिंतीसमोर का बसवायचं? तुम्हीही घर द्यायच्या बेतात असाल, तर चिमणी नंतर बसवली तरी चालेल. पण किल्ली हाती देण्याआधी एक रात्र तिथे राहा, सकाळी अंघोळ करा, चहा करा, धुतलेलं वाळत घाला. आणि निघताना बाथरूमच्या दाराला खुंटी लावून या.