बहात्तर बर्थ, अकरा माणसं

आमचे बाबलकाका ५ एप्रिल २०२० ला साठ वर्षांचे झाले. कोरोनाची टाळेबंदी होती, आणि त्या रात्री नऊ वाजता साऱ्या देशाने गॅलरीत दिवे लावले. काकांना त्याचं काही वाटलं नाही. साठीला एवढं तर व्हायलाच हवं, असा त्यांचा चेहरा होता. त्यांना खरी ओढ होती रेल्वेच्या ज्येष्ठ नागरिक सवलतीची. पुरुषांना साठीनंतर तिकिटात चाळीस टक्के सूट. "साठ होऊंदे रे, मगे बघ," असं दोन वर्षं ऐकवत होते. आणि २० मार्चपासून सवलतच बंद झाली.

"सोळा दिवस!" काका आल्यागेल्याला सांगायचे. म्हणजे फोनवर. आल्यागेल्यांनाही बंदीच होती. "सोळा दिवस आदी जन्माक इलो आसतंय तर काय बिघडला आसता?"

२२ मार्चपासून प्रवासी गाड्याच थांबल्या, तेव्हा दुःख जरा हलकं झालं. गाडीच नाही तर सूट कशावर मागणार?

पण ऑगस्ट उजाडला आणि कोकणी माणसाच्या अंगात जे यायचं ते आलं. २२ ऑगस्टला चतुर्थी. कोकणात १२ तारखेपर्यंत पोचलात तर दहा दिवस विलगीकरण, नंतर येत असाल तर चाचणी करून या, असा नियम. आणि गणपती स्पेशल गाड्या सुरू झाल्या १५ तारखेला. ज्यांना दहा दिवस कोंडून घ्यायचं होतं ते एसटीने केव्हाच गावी जाऊन बसले होते. रेल्वेच्या वाट्याला उरलो आम्ही, नाकात कांडी घालून घेणारे.

चाचणीला तिकिटापेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले. कांडी आत गेली तेव्हा काकांनी माझा हात असा धरला, की दोन दिवस मनगट दुखत होतं. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाकातसून मेंदूक हात लावन इलो तो. पण काय गावला नाय."

काकी मधुमेहामुळे घरी राहिल्या. निघालो आम्ही दोघंच. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, म्हणून डोंबिवली ते ठाणे रिक्षा. रिक्षावाल्याच्या आणि आमच्या मध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा. काका जन्मभर रिक्षावाल्याला रस्ता सांगत आलेले. त्या दिवशीही सांगत होते. पडद्याला वाफ धरत होती, पलीकडे काही पोचत नव्हतं, आणि त्यामुळेच असेल, आम्ही वेळेवर पोचलो.

आता गणपतीच्या गाडीत चढणं ही विद्या आहे, आणि काका त्यातले गुरुजी. गाडी फलाटावर थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, मग पिशवी, मग मिळेल तो लहान पोरगा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून एकाही गणपतीला काकांचा रुमाल वाया गेलेला नाही. आरक्षण असलं तरी ते रुमाल टाकतातच. "आरक्षण कागदार आसता, रुमाल शीटीर आसता," हा त्यांचा सिद्धान्त.

तर गाडी सुटायच्या नव्वद मिनिटं आधी स्टेशनात हजर राहायचं होतं. दाराशी एक मुलगा पिस्तुलासारखं यंत्र घेऊन उभा. काकांच्या कपाळावर धरलं. आकडा आला ३३.८. मुलाने "ओके, पुढे चला," म्हटलं. काका हलेनात.

"अहो, तेहतीस पॉइंट आठ म्हणजे माणूस जिवंत असतो का?"

"काका, जास्त असेल तर प्रॉब्लेम. कमी असेल तर जा."

कागदोपत्री मेलेले काका फलाटावर आले. फलाट रिकामा. कन्फर्म तिकीट असेल तरच आत सोडत होते, पोचवायला आलेली खानदानं नाहीत, वेटिंगवाले नाहीत, 'जरा सरका'वाले नाहीत. फलाटावर पांढरे गोल रंगवलेले, त्यांत उभं राहायचं. एवढ्या मोकळ्या फलाटावर काका एका गोलात उभे, आणि मुठीत घट्ट रुमाल. गाडी आली. डब्याचं दार समोरच थांबलं. आत कुणी नाही, मागे कुणी नाही. काकांनी तरी खिडकीशी जाऊन रुमाल टाकलाच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सवय आसा ती."

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तिच्या चौदा डब्यांत चारशेच्या आसपास पाहुणे होते. म्हणजे डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस. गाडीला भूत ओढतं अशी लोकांची समजूत असतानाचा हा आकडा. आमच्या स्लीपरच्या डब्यात बर्थ बहात्तर आणि माणसं अकरा.

काकांना हे झेपेना. पहिल्यांदा ते स्वतःच्या लोअर बर्थवर आडवे झाले. मग समोरच्या. मग साइडच्या. "हय वारो बरो लागता," म्हणत पुढच्या कंपार्टमेंटात. पनवेल येईपर्यंत ते पाच जागांवर झोपून आले आणि त्यांना कुठेही झोप आली नाही. मधला बर्थ कधी लावायचा यावर भांडण नाही, पायाशी बसलेला अनोळखी माणूस नाही, अंगावरून जाणारी ट्रंक नाही. "उठवक कोणच येणा नाय," ते अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाले.

मग टीसी आले. काळा कोट नाही, टाय नाही. तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक शील्ड, हातमोजे, आणि हातात भिंग. हो, भिंग. तिकिटाला हात लागू नये म्हणून लांबून वाचायला रेल्वेने टीसींना भिंगं द्यायचं ठरवलं होतं. काकांनी तिकीट धरलं, त्यांनी भिंग धरलं. गाडी हलत होती, तिकीट हलत होतं, भिंगही हलत होतं, शील्डवर वाफ. बराच वेळ तपास चालला. शेवटी टीसी म्हणाले, "तुम्हीच वाचून दाखवा." काकांनी पीएनआरपासून सगळं वाचून दाखवलं आणि वर "सवलत लागू नाही" हेही ठासून सांगितलं.

खरी परीक्षा जेवणाची होती. डब्यात चहावाला फिरकला नाही, वडापाववाला नाही. ज्याने त्याने आपलं आणलेलं. समोर कणकवलीच्या एक बाई, सोबत कॉलेजातला मुलगा. एरवी पनवेल सुटलं की कोकणच्या गाडीत डबे उघडतात ते एका माणसाचे राहतच नाहीत. आमची चपाती त्यांच्या भाजीशी लागते, त्यांचं लोणचं आमच्या दहीभाताशी, आणि दोन घासांत कोण कुठल्या वाडीचं, कुणाची मामेबहीण कुणाकडे दिली, इथपर्यंत पोचतं. त्या रात्री दोन्ही डबे उघडले आणि चौघंही आपापल्या डब्यात बघत बसलो. बाईंनी नजरेने विचारलं, 'देऊ का?' काकांनी नजरेने सांगितलं, 'नको, पण वास भारी येतोय.' मास्कच्या वर डोळे तेवढे उरले होते, पण त्यांवर पंगत उठेना.

काकांनी मास्क हनुवटीवर घेतला, लसणीची चटणी लावून घास तोंडात टाकला, आणि त्यांना ठसका लागला.

साधा ठसका. एरवी असा ठसका लागला की चार हात पाठीवर येतात, दोन बाटल्या पुढे होतात, कुणीतरी "वर बघा, वर बघा" म्हणतं. इथे बाईंचा मुलगा क्षणात साइड अप्परवर. पलीकडचे मृदंगवाले बुवा मृदंग पोटाशी धरून दाराकडे. कुणीतरी खिडकी उघडली, पाऊस आत आला. काकांचे डोळे लाल, नाकातून पाणी, बोलता येईना. हाताने डब्याकडे खुणा करत होते. मी ओरडलो, "चटणी! चटणी आहे! तिखट आहे!" कुणाचाही विश्वास बसला नाही.

श्वास परत आला तसा काकांनी खिशातून चाचणीचा अहवाल काढला आणि डब्यातल्या दहाही जणांना दाखवत फिरले. बुवांनी दारातून वाचला. "निगेटिव्ह आसंय मी! चटणी पॉझिटिव्ह आसा!"

त्यानंतर रात्रभर कुणी साधं खाकरलंही नाही. घोरतानासुद्धा लोक बेताने घोरत होते.

उक्षीला गाडी थांबली. एकेरी मार्ग, समोरून गाडी येणार होती. कोकणात क्रॉसिंगला थांबणं म्हणजे विश्रांतीच. पण त्या पहाटे पाऊण तास थांबून ज्या गाडीला वाट दिली, ती मुंबईकडे परतणारी गणपती स्पेशल निघाली. तीही रिकामी. पलीकडच्या खिडकीतल्या एकमेव माणसाने आम्हाला हात केला. काकांनी उठून दोन्ही हात केले.

उक्षी सोडलं की करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलो, काळोख झाला, आणि अंधारात एक आवाज ऐकू आला: 'हुश्श'. मग दुसरा. मग एकदम चार-पाच. अकराच्या अकरा माणसांनी मास्क खाली घेतले होते. बंद बोगद्यात, जिथे घ्यायचे नाहीत नेमके तिथे. कुणी मोकळेपणी खाकरलं, बुवांनी सूर लावून पाहिला, बाई मुलाला म्हणाल्या, "मेल्या, दात घासलंस नाय." दुसऱ्या टोकाला भातशेतीचा हिरवा उजेड आत आला तेव्हा सगळे मास्क जागेवर आणि चेहरे असे, की रात्रभर तसेच बसून आहेत.

कणकवलीला बाई उतरल्या. उतरताना एक प्लॅस्टिकची पिशवी आमच्या सीटच्या कडेला ठेवली, लांबूनच म्हणाल्या, "खोबऱ्याच्या वड्यो आसत. हात धुवन केलेल्यो." आणि काका काही बोलायच्या आत फलाटावर. काकांनी पिशवीवर खिशातल्या बाटलीतून दोनदा फवारा मारला, थोडा विचार केला, आणि तिसऱ्यांदा मारला.

कुडाळला आमचा चुलतभाऊ दाजी न्यायला आला होता. तो ग्राम कृती दलात, म्हणजे गावात कोरोना शिरू न देणाऱ्यांत. पंधरा पावलांवर थांबला. काकांनी अहवाल हवेत धरला.

"रिपोर्ट बरो आसा," दाजी म्हणाला. "पण रिपोर्ट मुंबयचो. आणि कोरोनाय मुंबयचोच. चतुर्थीपर्यंत मांगरात रवा."

मांगर म्हणजे घरामागचा गुरांचा गोठावजा आडोसा. गुरं आता नव्हती, पण त्यांचा वास होता. दारात जेवणाचं ताट ठेवून वहिनी लांबून हाक मारायची आणि पळायची. घरात गणपतीवरची माटवी बांधायचं काम सुरू झालेलं, हसण्याचे आवाज येत होते. काका बाजल्यावर बसले. जागा बरीच होती, तरी त्यांनी कोपऱ्यातल्या दुसऱ्या बाजल्यावर रुमाल टाकून ठेवला.

मग पिशवी उघडली. एक वडी मला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. बराच वेळ चघळत राहिले.

"सॅनिटायझरचो वास येता," म्हणाले. "पण खोबरा ताजा आसा. खा."