स्टुडंट एडिशन काढणाऱ्या साहेबांस

प्रति,
माननीय प्रॉडक्ट मॅनेजर साहेब,
बजेट लॅपटॉप विभाग.



आपली ओळख नाही, पण गेल्या दसऱ्याला आमच्या घरी आपल्या लॅपटॉपची पूजा झाली आहे. हळदीकुंकू, झेंडूची माळ, शेजारी आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. माझी बहीण कोल्हापुरात ब्लाउज शिवते. तिने भिशी उचलून तो लॅपटॉप घेतला, कारण तिची मुलगी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते आणि खोक्यावर पदवीची टोपी घातलेली एक हसरी मुलगी होती. खाली लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांसाठी खास'. हे दोन शब्द ज्यांनी सुचवले, त्यांचा पत्ता मिळाला तर त्यांनाही वेगळं पत्र टाकीन.

गेल्या आठवड्यात भाचीचा मायक्रोप्रोजेक्ट जमा करायचा होता. आदल्या रात्री आपलं यंत्र म्हणालं, जागा नाही. पोरीने गाणी उडवली, घरच्या गणपतीचे फोटो उडवले, शेवटी मागच्या सेमिस्टरच्या नोट्स उडवल्या. मोकळी झालेली ती जागा अपडेटने गिळली, तोही अर्ध्यावर थांबला आणि यंत्र पुन्हा म्हणालं, जागा नाही. पहाटे तिने सगळं मोबाइलवर टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने अदबीने सांगितलं, "मॅडम, हा बिघाड नाही. मर्यादा आहे." बिघाड नाही, म्हणून वॉरंटीत बसत नाही. दुकानात गळ्यात मारलेली वाढीव वॉरंटी त्याच्यापुढे ठेवली, तर तीही बिघाडासाठीच होती. म्हणजे हा लॅपटॉप मोडला असता तर बरं झालं असतं! त्याचं दुर्दैव असं की तो आपण ठरवलं होतं अगदी तसाच चालतोय.

साहेब, आपल्या हिशेबाला मात्र मी मनापासून दाद देते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. आपण बरोब्बर तेवढंच दिलंत, वर तुळशीपत्रही ठेवलं नाही. आमच्याकडे ३५ मार्कांना पास म्हणतात. काठावर पास होणारं हे यंत्र आपण डिस्टिंक्शन काढणाऱ्या पोरीच्या हातात दिलंत. त्यातही खोक्यावरचे ६४ पडद्यावर साडेएकोणसाठच दिसतात. आपण एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरता, विंडोज १०७ कोटी ३७ लाख धरतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर, मधले साडेचार जीबी गेले आमचे. उरलेल्यात विंडोज स्वतः पाय पसरून बसतं, मग आपण फुकट घातलेला अँटिव्हायरस, दोन गेम आणि आपल्याच कंपनीचं 'मदतनीस' अ‍ॅप. भाड्याच्या खोलीत घरमालकाचंच सामान भरलेलं असावं, तसा प्रकार.

कॅमेऱ्याबद्दल फार बोलत नाही. ६४० गुणिले ४८०, म्हणजे तीन लाख सात हजार ठिपके, तेही दिवे लावले तर. व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या आजीने विचारलं, "पोरगी आजारी आहे का?" विंडोजच्या एस मोडबद्दलही एकच वाक्य: स्टोअरच्या बाहेरचं काही बसू न देणारा हा कडीकोयंडा फुकटात काढता येतो, हे कॉलेजच्या लॅब असिस्टंटने सांगितलं, आपण नाही.

पण रॅमबद्दल बोलणार.

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला मोबाइल अ‍ॅप डेव्हलपमेंट हा विषय आहे. त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. तो किमान ८ जीबी रॅम मागतो, एम्युलेटरसकट चालवायचा तर १६. आपल्या 'विद्यार्थ्यांसाठी खास' यंत्रात ४. ठीक आहे, म्हटलं वाढवून घेऊ. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागचे स्क्रू काढले, पत्रा उचलला, आत पाहिलं आणि तसाच परत ठेवला. "ह्यात काय बी घालता येत न्हाई बघा, ताई. सगळं बोर्डालाच चिकटवलंय." रॅम सोल्डर केलेली. स्टोरेजही ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते त्या जातीची चिप, तीही सोल्डर केलेली. त्याच्याच टेबलावर कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला एक जाडजूड जुना लॅपटॉप उघडा पडला होता. त्यात रॅमचे दोन स्लॉट होते आणि हार्डडिस्क दोन स्क्रूंवर बाहेर येत होती. तो भंगारातला आणखी चार वर्षं चालेल. आपल्या नव्या लॅपटॉपने अजून दुसरा दसराही पाहिलेला नाही.

मला कळतं, आपल्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असणार. 'पंचवीस हजारांच्या आत बसवा' असा हुकूम, वर १८ टक्के जीएसटी, दुकानदाराचं मार्जिन, सेलची सूट. एकेक रुपया खरवडून काढताना आपलीही रात्रीची झोप गेली असेल. स्वस्त वस्तूत सगळं मिळत नाही, हे ब्लाउजच्या अस्तराला हात लावून किंमत सांगणाऱ्या माझ्या बहिणीला आपण शिकवायला नको. चार जीबी द्या, हरकत नाही. आज परवडत नाही म्हणून तिने चारच घेतले असते आणि पुढच्या भिशीला आणखी घातले असते. गरीब घरात वस्तू अशाच येतात, हप्त्याहप्त्याने. आधी शिलाई मशीन, मग त्याला मोटर.

आपण नेमकी तीच वाट बंद केलीत. महागडे पातळ लॅपटॉपही सोल्डर केलेले असतात, माहीत आहे मला. पण ते घेणारा १६ जीबीचा घेतो आणि कंटाळला की दुसरा घेतो. ज्या घरात दुसरा लॅपटॉप येणारच नाही, त्याच घरासाठी आपण वाढवता न येणारा लॅपटॉप बनवलात, आणि वर टोपीवाली मुलगी छापलीत! याला काटकसर म्हणत नाहीत, साहेब. ही फसवणूक आहे. कायद्यात बसणारी असेल, पण फसवणूकच.

खोक्यावर काय छापायचं याचे नियम आपण पाळता, तेही पाहिलं. कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना, तक्रारीचा पत्ता आणि 'नेट क्वांटिटी: १ नग'. तेवढी एक गोष्ट खरी निघाली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण लावावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण बहीण पोर्टल बघून दुकानात जात नाही, ती खोकं बघते.

तेव्हा विनंती एवढीच की त्या हसऱ्या मुलीच्या टोपीखाली मराठीत, ठळक अक्षरांत दोन ओळी छापाव्यात: 'यातील रॅम वाढवता येत नाही. यातील स्टोरेज बदलता येत नाही.' हे छापूनही लॅपटॉप खपला, तर मी माझे शब्द मागे घेईन. आणि वाचकहो, दसरा-पाडव्याच्या गर्दीत दुकानात उभे असाल तर मॉडेलचं नाव आणि सूट नंतर विचारा. आधी विचारा, रॅमचा स्लॉट मोकळा आहे का. विकणारा मुलगा गोंधळला तर त्याच्यावर चिडू नका, त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, स्लॉट असावा.

आपली,
टोपीवाल्या मुलीची नव्हे, खऱ्या विद्यार्थिनीची मावशी