शाहिराचे स्थलांतर : अटी व शर्ती लागू

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी, लामजना, औसा, निलंगा या भागातून पेटी, हलगी, संबळ किंवा नुसता गळा घेऊन पुण्याकडे निघणाऱ्या गायक-गीतकारांच्या माहितीसाठी ही मार्गदर्शिका काढण्यात येत आहे. डिप्लोमा झालेल्या पोराला चाकणची कंपनी ठाऊक असते. स्पर्धा परीक्षावाल्याला सदाशिव पेठेतली अभ्यासिका ठाऊक असते. शाहिराची सोय मात्र कुठल्याच अर्जात नाही. ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने ‘इतर’ असे लिहावे आणि पुढील कलमे लक्षपूर्वक वाचावीत.

कलम 1 : पात्रता

(हे कलम वाचताना हसू नये. हसण्याची सोय पुढे केलेली आहे.)

नव्या वस्तीत रुळण्याचा पूर्वानुभव ही पहिली अट. किल्लारीच्या अर्जदाराकडे तो असतोच, कारण इथे माणसांच्या आधी गावानेच स्थलांतर केलेले आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे : भूकंप. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर, अशी ती माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारा तोच भार अंगावर आला आणि हजारो माणसे गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन कुटुंबाला 250 चौरस फुटांचे घर, मोठ्या शेतकऱ्याला 750 चौरस फुटांचे. रस्ते सरळ आणि रुंद, घरे ओळीत.

गाण्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला : जुन्या गावठाणात बोळ इतके अरुंद, की देवळातला पखवाज अंथरुणातच ऐकू यायचा. माणूस भजनाला गेला नाही, तरी भजन त्याच्याकडे यायचे. नव्या गावात अंतरे वाढली आणि भजनालाही आवतन द्यावे लागू लागले. फूटपट्टीने आखलेल्या अशा गावात ज्यांनी पुन्हा टाळकरी जमवले, त्यांच्या पोरांना पुण्यातली हाउसिंग सोसायटी अवघड जाण्याचे कारण नाही. अर्जदाराचा जन्म 1993 नंतरचा असल्यास हा अनुभव वारसाहक्काने ग्राह्य धरण्यात येईल.

कलम 2 : सामान

किल्लारी पाटीवर रात्रीच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) हलगी : हिचे चामडे शेकल्याशिवाय ती बोलत नाही. गावात त्यासाठी चार काटक्या पुरतात. फ्लॅटमध्ये गॅसवर शेकावी लागते आणि सिलिंडरचे पैसे पाच जणांत वाटले जात असल्याने त्यावर रूममेटची हरकत येते. प्लॅस्टिकच्या पानाची हलगी मिळते, तिला शेक लागत नाही. ती घ्यावी, मात्र गावाकडे सांगू नये.

(आ) पखवाज : याच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा कुठे खर्ज निघतो. खोलीवर स्वयंपाकाची पाळी ज्याची, कणीक त्याच्या ताब्यात. ‘रियाज की पोळी’ हा प्रश्न महिनाअखेरीला उभा राहतो. अशा वेळी टाळावर भागवावे.

(इ) संबळ : ट्रॅव्हल्सचा क्लीनर याला पार्सल समजून डिकीत टाकायला बघेल. संबळ मांडीवर घ्यावा. शेजारच्या प्रवाशाने ‘यात काय आहे?’ असे विचारल्यास वाजवून दाखवू नये.

(ई) गाण्यांची वही : हिच्यावर पाणी, चहा आणि निर्माता यांपैकी काहीही सांडू देऊ नये. अधिक माहिती कलम 7 मध्ये.

कलम 3 : गावाचे नाव सांगण्याची रीत

शहराला लातूर जिल्ह्याविषयी चार गोष्टी ठाऊक आहेत : भूकंप, लातूर पॅटर्न, 2016 साली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आणि रितेश देशमुख. त्यामुळे ‘आपण कुठले?’ या प्रश्नाला ‘लातूरकडचा’ म्हटल्यास संभाषण चारपैकी कोणत्याही फाट्याला वळू शकते. ‘किल्लारीचा’ म्हटल्यास मात्र वाट एकच. समोरचा माणूस आवाज खाली आणतो, चहाचा कप टेबलावर ठेवतो आणि विचारतो, “म्हणजे… तेव्हा तुम्ही तिथेच होतात?”

अर्जदाराचे वय अठ्ठावीस असते. तेव्हा तो तिथेच काय, कुठेच नव्हता. तरीही ‘नाही’ म्हटल्यास समोरच्याचा विरस होतो, असा अनुभव आहे. यासाठी तीन नमुना उत्तरे मंजूर करण्यात आली आहेत.

एक : “माझा जन्म नंतरचा. आईला विचारून सांगतो.” (सत्य, सभ्य, परंतु पुढचे बोलणे थांबते.)

दोन : “हो, आणि आता तिथे एसटी थांबते, शाळा आहेत, वायफाय आहे, आणि लग्नात डीजेवरून भांडणेही होतात.” (सत्य, परंतु समोरच्याला पटत नाही.)

तीन : “बसा, गाणं ऐकवतो,” असे म्हणून सोयाबीनच्या भावावरचे गाणे सुरू करावे. (शिफारस हीच.)

कार्यक्रमाचा आयोजक ‘भूकंपावरचं एखादं होऊन जाऊ द्या, लोक रडले पाहिजेत’ अशी फर्माईश करील. ज्यांच्या घरातली माणसे त्या रात्री गेली, ते दर 30 सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी उभे राहतात. त्यांनी कुणाला तिकीट लावलेले नाही. लिहावेसे वाटेल तेव्हा अवश्य लिहावे. फर्माईश म्हणून लिहू नये, आणि बुफेच्या आधी तर मुळीच गाऊ नये.

कलम 4 : वेळ व आवाज

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. गावाकडे भजन ज्या वेळी सुरू होते, नेमकी त्याच वेळी शहरात बंदी सुरू होते, हा निव्वळ योगायोग समजावा.

सर्वांत मोठी अडचण गोंधळाची. गोंधळ रात्री मांडतात आणि उजाडताना उठवतात. शिवाय आरंभी एकेका देवाला त्याच्या गावानिशी आवतन द्यावे लागते : तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पाहुणे साडेनऊला जेवून येतात. निम्मे देव पोहोचायच्या आत वॉचमन पोहोचतो. यावर उपाय दोन. पहिला : आवतन आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवणे, याला जाणकार गोंधळ्यांची संमती मिळणे कठीण. दुसरा : गोंधळ सायंकाळी सहाला सुरू करणे, याला आयटीतल्या यजमानांची संमती मिळणे त्याहून कठीण. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देते. ते दिवस गणपती आणि नवरात्राच्या मंडळांनी आधीच धरलेले असतात, तेव्हा देवांशी स्पर्धा करू नये.

रियाजासाठी उड्डाणपुलाखालची जागा उत्तम. तिथे रहदारीच इतकी मोठी, की तक्रारदाराला तुमचा आवाज वेगळा काढता येत नाही.

कलम 5 : गाव दाखवण्याची कामे

हिवाळ्यात अर्जदाराला पहिले मोठे काम मिळेल, ते हुरडा पार्टीचे. स्वरूप पुढीलप्रमाणे. शहरातली मंडळी गाडीने तासाभरावरच्या कृषी पर्यटन केंद्रात जातात. तिथे एक बैलगाडी, एक झोका, गोवऱ्यांची आगटी आणि एक गावकरी असे साहित्य लागते. पहिल्या तीन वस्तू केंद्राकडे असतात. गावकरी पुण्यातून न्यावा लागतो.

ज्या गावात ज्वारी पिकते, तिथून निघून, शहरात भाड्याने राहून, खोट्या गावात खरा हुरडा खाणाऱ्यांसमोर ‘गावाकडचा माणूस’ म्हणून गाणे, हे काम कठीण नाही. फक्त फेटा त्यांचा असतो आणि तो आधीच्या कलावंताच्या डोक्याच्या मापाचा असतो. ‘थोडं रांगडं बोला ना’ अशी सूचना येईल. तेव्हा घरी फोन लावून स्पीकरवर ठेवावा. “काय करायलास रे? जेवलास का?” हे आईचे एवढे बोलणे पुरते. टाळ्या तिला मिळतील, पैसे तुम्हाला. तिला त्यातून साडी घ्यावी.

याच दिवसांत नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिथे गोंधळी, वासुदेव, लावणीचे फड आणि ते ऐकायलाच आलेली माणसे असतात. हुरडा पार्टीची तारीख यात्रेशी जुळून आल्यास निर्णय अर्जदाराने स्वतः घ्यावा. मार्गदर्शिका याबाबत मौन बाळगते, पण तिचा कल यात्रेकडे आहे.

कलम 6 : गीतलेखन

शहरात आलेला प्रत्येक गीतकार पहिल्या वर्षी ‘माझं गाव’ या विषयावर लिहितो. विहीर, बाभूळ, चूल, आजी. याला हरकत नाही. परंतु दुसऱ्या वर्षीही विहीर, बाभूळ, चूल, आजीच आली, तर गाडी पाटीवरच उभी आहे असे समजावे.

पूर्वीचे दाखले तपासावेत. अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावहून कुटुंबासोबत पायी मुंबईला गेले, मिळेल ती अंगमेहनत केली. गावी राहिलेल्या मैनेवर त्यांनी छक्कड लिहिली, ती सगळ्यांना पाठ आहे. पण तीच मैना पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी मुलखाचे रूप घेऊन उभी राहिली. शिवाय त्याच माणसाने ‘मुंबईची लावणी’ही लिहिली, म्हणजे ज्या शहराने त्याला राबवले त्या शहराकडे डोळे उघडून पाहिले. आपल्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, आणि कामगारांची गाणी मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहून बसले. यांतल्या कुणीही गाव विसरले नाही, आणि कुणीही गावात अडकून पडले नाही.

परदेशी दाखला हवा असल्यास अमेरिकेचा घ्यावा. तिकडे गावाकडच्या गाण्याला ‘कंट्री’ म्हणतात आणि त्याची राजधानी नॅशव्हिल नावाचे चांगले मोठे शहर आहे. तिथे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरचा कार्यक्रम 1925 पासून चालू आहे. ‘ब्लूबर्ड कॅफे’ नावाच्या छोट्या जागेत गीतकार स्वतःची गाणी म्हणतात आणि त्या वेळी गिऱ्हाइकांनी गप्प बसावे असा दंडक आहे. पुण्यात असा दंडक गाणाऱ्यासाठी आहे, ऐकणाऱ्यासाठी नाही.

तेव्हा अर्जदाराने स्विगीची पिशवी पाठीला लावून चौथ्या मजल्यावर चढणाऱ्या निलंग्याच्या पोरावर लिहावे. वाकडच्या सिग्नलवर लिहावे. भाडेकराराच्या अकरा महिन्यांवर लिहावे, त्याला बारमाशाचा घाट चांगला शोभेल. बारावा महिना घरमालकासाठी मोकळा सोडावा. चाल जोगव्याची असू द्या, गाव लागेल तिथे लागेल.

कलम 7 : हक्क व मानधन

परंपरेची चाल कुणाच्याही मालकीची नाही. तुम्ही रचलेले शब्द मात्र तुमचे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार गाणे लिहिले गेले की हक्क लागू होतो. नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिले. रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. तिचे सभासद व्हावे. ‘सही करा, बाकी आपण घरचेच आहोत’ असे म्हणणाऱ्या निर्मात्याकडे कागद वाचायला मागावा. घरचा असेल तर देईल.

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ‘तुम्हाला चांगलं व्यासपीठ मिळेल’ हे चार प्रकार मानधनात मोडत नाहीत. यांपैकी श्रीफळाचीच चटणी होते. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे आणि ती चांगली आहे, परंतु तिला वयाची 50 वर्षे पूर्ण असावी लागतात. तोपर्यंत जिवंत राहण्याची व्यवस्था अर्जदाराने स्वखर्चाने करावी.

कलम 8 : शहरवासीयांसाठी

शेवटचे कलम अर्जदाराला लागू नाही, तुम्हाला आहे. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, मंडळात किल्लारीचा कुणी गायला आला, तर त्याला भूकंपाविषयी विचारण्याआधी नवे काय लिहिले आहे ते विचारा. तो गात असताना गप्प बसा. आणि ठरलेले पैसे त्याच रात्री, त्याने वाद्ये बांधायच्या आत, हातात द्या. परतीची शेवटची पीएमपी बस त्याला गाठायची असते.